रोजची ‘गॅसची गोळी’ आणि पोटातला जंतू

आपल्या प्रत्येक घरात एक तरी माणूस असा असतो, ज्याची सकाळ ॲसिडिटीच्या गोळीने सुरू होते. तरी पोट जड, ढेकर, छातीखाली जळजळ चालूच. दोष जातो बिर्याणीला, नाहीतर टेन्शनला. कधी तो खराही असतो. पण वर्षानुवर्षे हेच चाललं असेल, तर जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करून घ्यावी.

जठराच्या आम्लात जंतू टिकूच शकत नाही, असं डॉक्टरच पूर्वी मानत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथं रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. लोकांना पटेना. शेवटी १९८४ मध्ये मार्शल स्वतःच ते जंतू प्यायले! काही दिवसांत उलट्या झाल्या, दुर्बिणीने पाहिलं तर जठराला सूज. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो, त्यामुळे त्याच्याभोवतीचं आम्ल मवाळ होतं आणि तो अस्तराला चिकटून राहतो. लागण बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात होते. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. काहींना मात्र अल्सर होतो, आणि थोड्यांना जठराचा कॅन्सरही.

तपासणी श्वासाची किंवा शौचाची असते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्या चालू असतील तर जंतू असूनही रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारून त्या दोन आठवडे आधी बंद कराव्या लागतात. रक्ताच्या तपासणीवर विसंबू नका. जुनी लागण आणि आत्ताची, यातला फरक तिला कळत नाही.

उपचार म्हणजे किमान दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी, साधारण १४ दिवस. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं की जंतू औषधाला दाद देईनासा होतो. रमजान जवळ आला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी हवीच, आपल्याकडे नेमकी हीच राहून जाते.

जंतू गेला म्हणजे प्रत्येकाचं अपचन जाईलच असं नाही. अल्सर असेल तर फायदा मोठा, नसेल तर थोड्याच जणांना. सांधेदुखीच्या गोळ्यांनीही अल्सर होतो, त्या लपवू नका.

काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, यापैकी काही दिसलं तर मेडिकलवाल्याकडे नाही, थेट दवाखान्यात जा.