सुट्टी, खेळ आणि शाळेचा परिसर

‘दिवाळीच्या सुट्टीतील प्रवास’, ‘माझा आवडता खेळ’, ‘माझ्या कल्पनेतील शाळा’ हे तीन निबंध मी वर्षानुवर्षे देत आलो आहे. पहिल्या निबंधात सातवीतील एका विद्यार्थ्याने लिहिले, “आम्ही ट्रकमधून कारखान्यावर गेलो.” त्याचे आईवडील ऊसतोड कामगार. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पतिपत्नीची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, हंगामभर फडाजवळच्या कोपीत राहते. हा हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो; म्हणजे शाळेचे दुसरे सत्र जवळजवळ संपूर्ण त्यात बुडते. दिवाळीत तेथे गेलेले मूल धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी तेथेच अडकते. सुट्टी संपते, प्रवास संपत नाही. निवासी शाळेची चूल दिवाळीतही पेटती ठेवावी लागते ती याचसाठी.

आवडता खेळ बहुधा कबड्डी. तिला साहित्य लागत नाही. क्रिकेटप्रेमींना मी पालवणकर बाळूंविषयी सांगतो. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या चर्मकार गोलंदाजास पुण्यात चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे.

शाळेच्या परिसराविषयी बोलताना औरंगाबादचे नागसेनवन आठवते. तेथील महाविद्यालय बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केले. परिसरास नाव उत्तरे देणाऱ्या भिक्खू नागसेनांचे, महाविद्यालयास प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे!

त्या विद्यार्थ्याचा तिसरा निबंध एका ओळीचा होता : “माझ्या शाळेला सुट्टी नसावी.”