गोळी थांबली, मूल का बदललं?

समजा, वांद्रे स्टेशनचा पूल रोज आनंदाने चढणारा आठ वर्षांचा स्वमग्न मुलगा एकाएकी कान दाबून पायरीवरच बसला. त्याला दोन वर्षांत फिट आलेली नाही, म्हणून डॉक्टरांनी फिटची गोळी हळूहळू कमी करत थांबवली आहे. मग हे काय?

सोडियम व्हॅलप्रोएट हे औषध फिट रोखतं आणि मनाचे चढउतारही सावरतं. बायपोलर आजारात ते यासाठीच देतात. तो आधार सुटला की दबलेली चिडचिड वर येऊ शकते. लेव्हेटिरासिटॅम या फिटच्याच दुसऱ्या औषधाचं उलट: त्याने काही मुलं चिडखोर होतात, ते थांबल्यावर निवळतात.

पण दातदुखी, बद्धकोष्ठता, अपुरी झोप हेसुद्धा न बोलणारं मूल वागण्यातूनच सांगतं. नजर शून्यात लागणं, हाकेला ओ न देणं ही छोटी फिटही असू शकते. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा.

भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशेबाशेजारी रोजचा डोस, झोप, शौच, वागणं लिहा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, पुन्हा सुरूही करू नका. फिट पाच मिनिटांहून लांबली, तर तडक रुग्णालय गाठा. मूल हट्टी झालेलं नाही; ते काहीतरी सांगतंय.