वोल्फ्सबुर्गची मोटार आणि अंगणातील वेल्डिंग मशीन

जर्मनीत हानोव्हरच्या पूर्वेस, मिटेललँड कालव्याच्या काठी वोल्फ्सबुर्ग हे शहर आहे. हे शहर कारखान्यासाठीच वसविले गेले. १९३८ साली नाझी राजवटीने येथे सामान्य लोकांसाठी स्वस्त मोटार बनविण्याचा कारखाना उभारावयास घेतला. युद्धकाळात तेथे सक्तीने आणलेल्या परदेशी मजुरांना लष्करी कामास जुंपले गेले. १९४५ साली शहर ब्रिटिशांच्या ताब्यात आले आणि जवळच्या जुन्या गढीवरून त्यास वोल्फ्सबुर्ग हे नाव मिळाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फोक्सवॅगन बीटलचे नियमित उत्पादन सुरू झाले. १९५५ च्या ऑगस्टमध्ये दहा लाखावी बीटल तेथून बाहेर पडली, आणि वोल्फ्सबुर्गची शेवटची बीटल १९७४ च्या जुलैमध्ये निघाली. मेक्सिकोमध्ये मात्र ती २००३ पर्यंत बनत होती.

वेल्डिंगच्या गोष्टीसाठी आम्ही वाचकांना इतक्या दूर नेले, त्यास कारण आहे. मोटारीचा सांगाडा म्हणजे एकमेकांस वितळवून जोडलेले पत्रे. दोन पत्रे तांब्याच्या दोन टोकांमध्ये दाबून धरतात, क्षणभर हजारो अँपिअरचा प्रवाह सोडतात, आणि मध्ये वाटाण्याएवढा ठिपका वितळून एकजीव होतो. एका मोटारीत असे काही हजार ठिपके असतात. आज हे काम यंत्रमानव करतात, आणि ते जाळीच्या कुंपणात असतात. कोणी कुंपणाचे दार उघडले की यंत्र थांबते. म्हणजे तेथे धोका आत कोंडलेला असतो आणि माणूस बाहेर उभा असतो.

आता त्याच बीटलचे पुढचे आयुष्य पाहा. मोटार समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत राहते आणि तिचा तळ गंजू लागतो. सर्वांत आधी बहुधा मागील बाकाखालचा भाग जातो, कारण बीटलची बॅटरी तेथेच तळाच्या पत्र्यावर ठेवलेली असते. बॅटरीतले आम्ल आणि ओल मिळून पत्र्याची चाळण करतात. मग घरचाच कोणी मुलगा लहान वेल्डिंग मशीन आणून त्यावर नवा पत्रा जोडू पाहतो. येथे कुंपण नाही, आपोआप थांबणारे दार नाही. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघत असतो, बाकाचे भरण वाळलेल्या गवतासारखे पेट घेते, आणि पेट्रोलची टाकी गाडीच्या पुढच्या भागात असते. वोल्फ्सबुर्गमध्ये जे काम कुंपण करते ते येथे त्या मुलालाच करावयाचे असते.

म्हणून आधी बॅटरी सोडवून अंगणाबाहेर ठेवावी आणि बाक काढून दूर न्यावा. काम टाकीच्या जवळ असेल तर टाकी उतरविल्याशिवाय मशीन चालू करू नये. आणि रिकाम्या टाकीला किंवा पिंपाला वेल्डिंग कधीच करू नये. आत द्रव नसला तरी वाफ असते, आणि ती द्रवापेक्षा वाईट. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ब्रेक साफ करण्याच्या काही द्रावणांत क्लोरीनयुक्त पदार्थ असतात. त्यांच्या वाफेवर वेल्डिंगचे तीव्र किरण पडले की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होऊ शकतो. हा वायू पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला होता. पत्रा अशा द्रावणाने पुसला असेल तर तो पूर्ण सुकल्याशिवाय रॉड टेकवू नये.

मशीनकडे वळू. पूर्वीची वेल्डिंग मशीन दोघांनी उचलावी लागे. आताची इन्व्हर्टर मशीन खांद्यावर पट्टा लावून एकटा माणूस नेतो. हलकी असल्यामुळे ती खेळण्यासारखी वाटते, आणि तेथेच चूक होते. आपल्या मॉरिशसमध्ये घराची वीज २३० व्होल्टची. होल्डरला जे व्होल्ट येतात ते त्याहून कमी असतात हे खरे, परंतु ओल्या जमिनीवर घामाने भिजलेल्या माणसाला तेवढेही पुरतात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ओलसर किंवा अडचणीच्या जागी चालणाऱ्या मशीनवर चौकोनात 'एस' अक्षर असते. विकत घेताना ते पाहून घ्यावे.

पुष्कळांची समजूत असते की घराच्या मुख्य फलकावर तीस मिलीअँपिअरचे संरक्षक स्विच आहे, म्हणजे निर्धास्त. ते स्विच भिंतीकडून येणाऱ्या विजेवर लक्ष ठेवते. मशीनच्या पोटातील ट्रान्सफॉर्मरमुळे होल्डरकडची वीज वेगळी पडते, आणि तेथला धक्का त्या स्विचला कळतच नाही. तेव्हा कोरडे चामड्याचे हातमोजे, रबरी तळाचे बूट, आणि पावसाळी दिवशी पायाखाली कोरडी लाकडी फळी, हाच आपला बचाव. रॉड बदलताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून काही जण होल्डर काखेत धरतात. घाम येणाऱ्या जागांपैकी काख ही सर्वांत ओली. ही सवय कोणाला असेल तर आजच मोडावी.

डोळ्यांबद्दल आम्ही थोडे सविस्तर सांगणार आहोत, कारण वेल्डिंग करणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याचे डोळे अधिक जातात. करणाऱ्याच्या तोंडावर शिल्ड असते. शेजारी उभ्या मुलांच्या तोंडावर काही नसते, आणि शाळेला सुट्टी असली की ती हमखास जमतात. आर्कमधून निघणारे अतिनील किरण डोळ्याच्या बाहुलीवरील पारदर्शक पडदा भाजतात. त्या वेळी काहीच दुखत नाही. सहा ते बारा तासांनी, म्हणजे बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू टाकल्यासारखे होते, पाणी वाहते, उजेड सहन होत नाही. मूल रडत उठते आणि सकाळच्या वेल्डिंगशी त्याचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. अशा वेळी बटाट्याच्या चकत्या, दूध वगैरे घरगुती उपाय करू नयेत. डोळे चोळू नयेत, आणि मोका येथील सुब्रमण्य भारती नेत्र रुग्णालयात किंवा जवळच्या डॉक्टरांकडे जावे. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरे वाटते, परंतु तपासणी हवीच. 'कॉन्टॅक्ट लेन्स घालून वेल्डिंग पाहिले तर ती डोळ्याला चिकटते' ही एक अफवा वर्षानुवर्षे फिरत आहे. तीत तथ्य नाही. धोका वर सांगितला तोच. ऐंशी ते पावणेदोनशे अँपिअरच्या हातकामाला युरोपीय मानकाप्रमाणे दहा क्रमांकाची काच लागते. साधा काळा चष्मा चालत नाही. मुलांना दूर ठेवावे, आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडे आडोसा उभा करावा.

धुराकडेही लोक दुर्लक्ष करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारक ठरविले. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा, म्हणजे आपण ज्याला क्रेओलमध्ये तोल म्हणतो त्याचा धूर श्वासात गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. चक्रीवादळानंतर छपराच्या दुरुस्त्या घाईने होतात, तेव्हा हे ध्यानात असावे. जोडायच्या जागेवरचे जस्त आधी घासून काढावे, वाऱ्याकडे पाठ किंचित तिरकी ठेवून उभे राहावे, आणि डोके धुराच्या लोटात घालू नये.

निगा राखण्यास फार पैसे लागत नाहीत. कामापूर्वी केबल हातात धरून सर्व लांबी पाहावी. भेग दिसली तर चिकटपट्टी लावून भागवू नये, केबल बदलावी. चिमटा घासलेल्या धातूवर आणि जोडाच्या अगदी जवळ लावावा. लांब लावला तर प्रवाह बेअरिंगमधून जातो आणि ती खराब होतात. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळलेली ठेवून वापरली तर ती तापते, म्हणून पूर्ण उलगडावी. मशीनवर 'साठ टक्के, शंभर अँपिअर' असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. विश्रांतीत पंखा चालू राहू द्यावा. धूळ व लोखंडाचा कीस कोरड्या हवेने उडवावा, परंतु प्लग काढल्यावरच. झाकण उघडण्याचे काम जाणत्यावर सोडावे, कारण आतील कपॅसिटर वीज धरून ठेवतात. रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. ओल धरलेला रॉड तडतडतो आणि जोडात बारीक छिद्रे पाडतो. हृदयाला पेसमेकर बसविलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जवळ थांबू नये.

बीटलचा पत्रा बसला, थर ठोकून काढला, तरी लगेच घरात जाऊ नये. ठिणगी कार्पेटच्या कडेला किंवा डांबरी लेपात अर्धा-पाऊण तास धुमसत राहू शकते. तोवर पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवून तेथेच बसावे. नंतर जोडाला गंजरोधक रंग द्यावा, तो वाळल्यावर बॅटरी जागेवर ठेवावी, तिच्या टोकांवरचे झाकण विसरू नये, आणि मगच बाक परत बसवावा. हे झाकण नसेल तर बाकाच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकतात आणि बाक आतून पेटतो. जुन्या बीटलमध्ये असे अनेकदा झाले आहे.