जुन्या पद्मिनीचे पुनरुज्जीवन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली, पुढे १९७४ मध्ये तिचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले आणि २००० सालाच्या सुमारापर्यंत तिचे उत्पादन चालू राहिले. आज शेडमध्ये धूळ खात पडलेली अशी गाडी घरच्या घरी पूर्ववत करण्याची हौस अनेकांना असते. मात्र या कामाविषयी रूढ असलेल्या काही समजुती गाडीचे नुकसान करतात, तर काही मालकाला कायद्याच्या कचाट्यात अडकवतात.

गैरसमज : पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारातच जाते.
वस्तुस्थिती : खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते हे खरे, परंतु आरटीओच्या तपासणीत गाडी योग्य ठरल्यास आणि पर्यावरण कर भरल्यास तिचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होऊ शकते. वयावरूनच बंदी घालण्याचे जे आदेश गाजले, ते दिल्ली परिसरापुरते होते. सोलापूरच्या एमएच-१३ गाडीला ते लागू नाहीत.

गैरसमज : जुनी गाडी म्हणजे ‘व्हिंटेज’.
वस्तुस्थिती : जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार, पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या खाजगी वाहनालाच हा दर्जा मिळतो. त्यामुळे ऐंशी-नव्वदच्या दशकांतील पद्मिनी अद्याप त्यात बसत नाही. शिवाय या वर्गात नोंदलेली गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा ठरावीक कारणांखेरीज रस्त्यावर आणता येत नाही.

गैरसमज : नवी बॅटरी जोडून स्टार्टर मारला की इंजिनाची स्थिती कळते.
वस्तुस्थिती : वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीत सिलिंडरच्या भिंतींवर गंज चढून पिस्टनच्या रिंगा चिकटतात, म्हणजेच गॅरेजच्या भाषेत इंजिन ‘जाम’ होते, आणि अशा वेळी जबरदस्ती केल्यास रिंगा तुटतात. म्हणून चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक छिद्रात थोडे ऑइल सोडावे, ते एक-दोन दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँकशाफ्टच्या पुलीचा नट पान्याने हळूहळू फिरवून पाहावा.

गैरसमज : पेट्रोल ते पेट्रोलच.
वस्तुस्थिती : हल्ली पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि यातील काही इथेनॉल सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांतूनच येते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व सील खराब करते. म्हणून टाकी व कार्ब्युरेटर साफ करतानाच या वस्तू इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या बसवाव्यात.

गैरसमज : गंजलेल्या जागी लांबी भरून रंग दिला की बॉडी नवी होते.
वस्तुस्थिती : लांबी, म्हणजे खड्डे भरण्याचा पेंटरचा लेप, भार पेलत नाही. जीपसारखा स्वतंत्र सांगाडा पद्मिनीला नसून तळाचा पत्रा, दाराखालच्या पोकळ पट्ट्या आणि खांब मिळूनच गाडी उभी राहते. पत्र्यावर चुंबक फिरवावे. ते जिथे धरत नाही, तिथे लांबीचा जाड थर आहे असे समजावे. गंजलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून त्याच जाडीचा नवा पत्रा कुशल कारागिराकडून जोडून घ्यावा आणि वेल्डिंगपूर्वी पेट्रोलची टाकी व बॅटरी काढून ठेवावी.

गैरसमज : गाडी स्वतःची, तेव्हा हवा तो बदल करावा.
वस्तुस्थिती : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. इंजिन बदलण्यासाठी किंवा सीएनजी बसवण्यासाठी आरटीओची मंजुरी लागते, तर रंग बदलल्यास त्याची आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागते.

म्हणून रंगाची छटा निवडण्याआधी मालकाने आरसी बुक उघडून त्यातील इंजिन व चॅसिस क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी ताडून पाहावेत. ते जुळत नसतील, तर पहिली खेप गॅरेजकडे नव्हे, आरटीओकडे घालावी.