खिळे ओतणारा मराठी संशोधक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्रीतला वितळलेला रस साच्यात ओतताना पाहिला, की शंकर आबाजी भिसे आठवतात. 1867 साली मुंबईत जन्मलेल्या या संशोधकाने हेच काम छापखान्यातल्या इवल्याशा खिळ्यांसाठी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांसाठी, केले. त्यांच्या ‘भिसोटाइप’ यंत्रात छपाईचे खिळे ओतले जात.

खिळ्याचा धातू म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथिल यांचे मिश्रण. शिसे सहज वितळते, पण मऊ असते. अँटिमनी त्याला कडकपणा देते आणि थंड होताना फारसे आकसू देत नाही, म्हणून अक्षराची कड रेखीव उठते. कथिलामुळे रस साच्यात नीट पसरतो.

किराणा मालासाठी आपोआप वजन करणारे यंत्र, जाहिरातींचे प्रकाशफलक, आयोडीनचे ‘ॲटोमिडिन’ हे औषध असे भिसे अनेक क्षेत्रांत रमले. आपल्या शोधांची पेटंटेही त्यांनी घेतली. पेटंट म्हणजे सौदाच: शोधाची कृती जगापुढे मांडायची आणि त्याबदल्यात ठरावीक मुदतीचा हक्क मिळवायचा.

1935 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. उद्यमनगरातल्या कारागिरांनो, तुमच्या हातून साधलेली नवी युक्ती कागदावर उतरवा, तिचे पेटंट घ्या!