गोफर साप पाळायचा तर

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला गोफर साप बिनविषारी. लांबी साधारण ४ ते ६ फूट. डिवचला की डोके चपटे करतो, जोरात फूत्कारतो आणि शेपटी थरथरवतो. वाळक्या पानांत ती शेपटी वाजली की हुबेहूब विषारी रॅटलस्नेकचा भास होतो. या गल्लतीपायी तो अनेकदा नाहक मारला जातो.

पाळलेला साप हळूहळू हाताळणीला सरावतो. त्याची पेटी घट्ट झाकणाची हवी. फट दिसली की तो निसटलाच! पेटीची एक बाजू सुमारे ३० अंश सेल्सिअस, दुसरी त्याहून थंड ठेवावी. लपायला आडोसा आणि पाण्याचे भांडे हवेच. वाढलेल्या सापाला आठ-पंधरा दिवसांनी एक उंदीर पुरतो. गोठवलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट करून चिमट्याने द्यावा. खाल्ल्यावर दोन दिवस सापाला हात लावू नये, नाहीतर तो भक्ष्य ओकून टाकतो.

हा साप १५-२० वर्षे सहज जगतो, तेव्हा हौस तेवढी टिकेल का ते आधी पाहावे. अमेरिकेत पाळण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. आपल्याकडे मात्र अशीच बिनविषारी असलेली धामण पकडून पाळणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.