वाद विंडोजचा, अडचण अंगठ्याच्या यंत्राची
(लेखमाला : संगणक आणि आपण – भाग सातवा)

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 ला मोफत सुरक्षा दुरुस्त्या देणे थांबवले आणि गोंदियातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानांपासून तालुक्याच्या सेतू केंद्रांपर्यंत एक जुना वाद नव्याने पेटला. एक म्हणतो, विंडोज 11 टाका, जुन्या मशीनवर चालत नसेल तर नवी घ्या. दुसरा म्हणतो, पैसे कशाला घालता, लिनक्स टाका आणि मोकळे व्हा. तिसऱ्याचे म्हणणे, काही होत नाही हो, विंडोज 7 वर अजून कामे चालली आहेत. आणि अलीकडे एक चौथाही त्यात सामील झाला आहे, तो म्हणतो, परदेशी सॉफ्टवेअरच नको.

चौघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो आहे. त्यामुळे वाद तासभर रंगतो आणि केंद्रचालक होता तिथेच राहतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या जिल्ह्यात कोणती प्रणाली चालेल हे तिच्या गुणदोषांवर ठरतच नाही. ते ठरते अंगठ्याचे यंत्र, डिजिटल सहीचे डोंगल आणि जुना मराठी फॉन्ट या तिघांवर. आणि हे तिन्ही विषय सरकारी खरेदीचे आणि सरकारी शिस्तीचे आहेत.

आधी तिसऱ्या माणसाचे बघू, कारण त्याचे म्हणणे सर्वांत धोक्याचे आहे. दुरुस्त्या थांबल्या म्हणजे संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, छापतो, इंटरनेटला जोडतो. फरक इतकाच की यापुढे जे भोक सापडेल ते बुजवले जाणार नाही. अशा भोकाने काय होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 27 जून 2017 रोजी नोटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि काही तासांत उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातले मर्स्क समूहाचे टर्मिनल ठप्प झाले. ज्या भोकातून तो पसरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती. चोरलेल्या पासवर्डांच्या जोरावर तो दुरुस्त केलेल्या यंत्रांतही शिरला, हेही खरे. पण दरवाजा उघडा असल्याचे माहीत असूनही तो तसाच ठेवणे, आणि तेही शेकडो शेतकऱ्यांचे आधार, बँक पासबुक आणि सातबारा ज्या मशीनवर स्कॅन होतात तिथे, याला कसलेही समर्थन नाही.

मग विंडोज 11 का नाही? त्याच्या अटी कडक आहेत. टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप हवी, किमान 4 जीबी रॅम हवी, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे 2017 च्या उत्तरार्धानंतरचा. त्याआधी घेतलेली यंत्रे, मग ती कितीही धडधाकट असोत, कंपनीच्या यादीबाहेर पडतात. दुकानदार खटपट करून त्यावर विंडोज 11 'मारून' देतो. पण अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

एक मधला मार्ग आहे, तो दुकानात सहसा कोणी सांगत नाही. घरगुती वापरासाठी विंडोज 10 च्या सुरक्षा दुरुस्त्या 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून मिळतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते आणि सेटिंग्ज त्या खात्याशी जोडल्या तर पैसेही पडत नाहीत. शैक्षणिक संस्थांना यंत्रामागे पहिल्या वर्षी 1 डॉलर, दुसऱ्या वर्षी 2 आणि तिसऱ्या वर्षी 4 डॉलर असा दर आहे. शाळेसाठी ही रक्कम मोठी नाही. दोन्हीकडे एक अट मात्र आहे, मूळ विंडोजचा परवाना खरा असावा. इथे बऱ्याच जणांची मान खाली जाते. पेन ड्राइव्हवरून टाकलेली बिनपरवान्याची विंडोज आपल्याकडे इतकी रुळली आहे की विंडोज 'फुकट' आणि लिनक्सही फुकट, मग बदलायचे कशाला, असा हिशेब लोक करतात. लिनक्सच्या बाजूने पैशाचा मुद्दा म्हणूनच पटत नाही. तो मुद्दा चोरी सोडल्यावरच सुरू होतो.

आता दुसरा माणूस, लिनक्सवाला. माझा कल त्याच्याकडे आहे, पण त्याने एकदा धानाच्या हंगामात केंद्रावर बसून पाहावे.

आपला जिल्हा धानाचा. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्या केंद्रांवर हमीभावाने धान द्यायचे तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते. 2025-26 साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे. सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, आधार, पासबुक, आणि शेतकऱ्याने स्वतः हजर राहून काढलेला फोटो, इतके सगळे जुळल्यावर नोंदणी होते. राज्याने 2024-25 च्या खरिपासाठी जाहीर केलेला हेक्टरी 20,000 रुपयांचा बोनस, दोन हेक्टरच्या मर्यादेत, हाही नोंदणी असलेल्यांनाच होता. म्हणजे नोंदणी हुकली की भाव आणि बोनस दोन्ही हातचे गेले. शेवटच्या तारखेला रांग लागलेली असते, पोर्टल मध्येच लटकते, आणि त्यात कुणी 'ड्रायव्हर सापडत नाही' म्हटले तर देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या गावातून आलेल्या माणसाची दिवसभराची मजुरी बुडते.

त्याच टेबलावर पीएम किसानची केवायसी आणि आधारवरून पैसे काढणे चालते. तिथे अंगठ्याचे यंत्र येते. चिखलात राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, ऑपरेटर बोट पुसायला लावतो, दुसरे बोट ठेवायला सांगतो, तिसऱ्यांदा कुठे हिरवा दिवा लागतो. हे यंत्र साध्या वेबकॅमसारखे नसते. आधारच्या नियमांप्रमाणे बोटाचा ठसा यंत्राजवळच कुलूपबंद होऊन पुढे जावा लागतो आणि त्यासाठी यंत्राच्या उत्पादकाने दिलेली, मान्यता मिळालेली 'आरडी सर्व्हिस' संगणकात चालू असावी लागते. ती विंडोज आणि अँड्रॉइडसाठी सहज मिळते. लिनक्स टाकले तर ती चालेलच, असे केंद्रचालकाला छातीठोकपणे सांगणारे कोणी नसते. ट्रॅक्टर कितीही दणकट असला तरी मागे रोटाव्हेटर जोडता आला नाही तर चिखलणी होत नाही. इथे नेमके तेच घडते.

पण यात एक गोष्ट लपलेली आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचाच आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी बांधीच्या धुऱ्यावर उभा राहून फोनवर करणारा शेतकरी लिनक्सच्याच गाभ्यावर काम करतो आहे. अंगठ्याचे तेच यंत्र त्या फोनला जोडले तर चालते. म्हणजे लिनक्सवर ते चालणे अशक्य आहे असे नाही. संगणकावरच्या लिनक्ससाठी ते चालवून दाखवा, असे उत्पादकाला खरेदीच्या वेळी कुणी सांगितलेले नाही. केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअरविषयीचे धोरण 2015 सालचे आहे. निविदा काढताना मुक्त सॉफ्टवेअरचा विचार करायला सांगावा आणि पुरवठादाराने ते वगळले तर कारण द्यावे, असे त्यात आहे. धोरण कागदावर आहे आणि यंत्र टेबलावर, दोघांची गाठ पडलेली नाही.

डिजिटल सहीच्या डोंगलची अडचणही अशीच. तिसरी अडचण फॉन्टची. ती दिसायला किरकोळ, पण मुळे खोल गेलेली. ग्रामपंचायतीतला ठराव किंवा शाळेचे पत्र कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेले असते. ती फाइल कृतिदेव नसलेल्या संगणकावर उघडली की 'गोंदिया' या शब्दाच्या जागी इंग्रजी एक्स, के, एस, ए, एफ, एन, मग अर्धविराम आणि पुन्हा के, अशी आठ चिन्हे दिसतात. कारण फाइलमध्ये गोंदिया हा शब्द साठवलेलाच नसतो. साठवलेली असतात ही इंग्रजी चिन्हे आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी अक्षरांची चित्रे चढवतो. 'दि' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि द नंतर, हा जुन्या रेमिंग्टन टंकयंत्राचा क्रमही तसाच राहिला आहे. युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरसंकेतात द आधी साठवला जातो, वेलांटी नंतर. म्हणून कृतिदेवच्या फाइलींच्या ढिगात 'गोंदिया' शोधले तर एकही सापडत नाही.

लिनक्स टाकल्यावर 'मराठी गेले' अशी जी ओरड होते, ती बहुधा याच फाइलींमुळे होते आणि दोष मात्र लिनक्सच्या माथी येतो. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर विंडोज, लिनक्स, फोन सगळीकडे सारखाच दिसतो. फॉन्टचाही तुटवडा नाही. मुंबईच्या एक टाइपने घडवलेले मुक्त आणि बलू, रेड हॅटने खुले केलेले लोहित, हे सगळे कायदेशीररीत्या मोफत मिळतात. अडचण सवयीची आहे. टायपिंगच्या क्लासात रेमिंग्टनवर बसलेली बोटे एका रात्रीत इन्स्क्रिप्ट मांडणीवर वळत नाहीत, आणि ज्याची नोकरी त्या वेगावर लागली त्याला 'बदला' म्हणणे सोपे असते. त्याच्यासाठी युनिकोडमध्येच रेमिंग्टन मांडणीचा कळफलक मिळतो, तो बसवून द्यावा. बोटे तीच राहतात, फाइल मात्र सुधारते.

सवयीचे दुसरे मूळ एमएस-सीआयटीत आहे. 2001 साली स्थापन झालेल्या एमकेसीएलने हा अभ्यासक्रम गावोगाव नेला, सरकारी नोकरीसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागले, आणि महाराष्ट्राची एक अख्खी पिढी संगणक शिकली. ते मोठे काम होते. पण त्या पिढीला संगणक म्हणजे विंडोज आणि पत्र म्हणजे वर्ड, हे समीकरणही तिथूनच मिळाले. केरळने शाळांसाठी वेगळा रस्ता धरला. तिथल्या काईट या सरकारी संस्थेने शिक्षकांना लिनक्सवरच तयार केले, आणि 2019 मध्ये शाळांतल्या 2 लाखांहून अधिक संगणकांवर ते चालवून 3000 कोटी रुपये वाचल्याचे सांगितले. हा आकडा लिनक्सवाले फार मिरवतात. तो यंत्रामागे दीड लाखाचे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागले असते, असे धरून काढलेला आहे. तितके कोणी घेतले नसते. केरळची खरी कमाई म्हणजे प्रशिक्षित शिक्षक.

विंडोजवाले उलट म्युनिककडे बोट दाखवतात. त्या शहराने 2003 मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, सुमारे 15,000 यंत्रे बदलली, आणि 2017 मध्ये परत विंडोजकडे जाण्याचा ठराव केला. दोन्ही उदाहरणे खरी आहेत. केरळने शाळा निवडली, जिथे अंगठ्याचे यंत्र नव्हते. म्युनिकने पालिका निवडली, जिथे शेकडो जुने प्रोग्राम विंडोजसाठीच लिहिलेले होते.

राहिला चौथा, स्वदेशीवाला. जुलै 2025 मध्ये युरोपीय निर्बंधांचा हवाला देत मायक्रोसॉफ्टने गुजरातमधल्या नायरा एनर्जीची ईमेल आणि इतर सेवा अचानक थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, काही दिवसांत सेवा परत मिळाल्या. परदेशी कंपनी एका दिवसात सेवा बंद करू शकते, ही भीती तेव्हापासून खरी मानली पाहिजे. त्यानंतर केंद्रीय मंत्री झोहोकडे वळले. झोहो भारतीय आहे, चांगली आहे. पण झोहोची ईमेल वापरल्याने टेबलावरची विंडोज बदलत नाही आणि झोहोची सॉफ्टवेअर मुक्तही नाहीत. देशी आणि मुक्त या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. लिनक्सच्या पायावर उभी असलेली सी-डॅकची बॉस ही प्रणाली 2007 पासून उपलब्ध आहे आणि ती दोन्ही कसोट्यांना उतरते. अंगठ्याच्या यंत्रापाशी मात्र तिचीही तीच परीक्षा आहे.

तेव्हा ज्या शाळेत, वाचनालयात किंवा ग्रामपंचायतीत अंगठ्याचे यंत्र आणि सहीचे डोंगल लागत नाही, तिथे जुन्या यंत्रांवर आजच लिनक्स टाकावे. लिनक्स मिंट 4 जीबी रॅमवर नीट चालते, आणि पेन ड्राइव्हवरून आधी नुसते चालवूनही बघता येते. आतल्या कशाला धक्का लागत नाही. सेतू केंद्रावर मात्र घाई नको. तिथे खऱ्या परवान्याची विंडोज ठेवावी, दुरुस्त्यांच्या मुदतवाढीत नाव घालावे आणि व्यवसायासाठीच्या अटी आधी वाचाव्यात.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना माझी विनंती आहे. संगणकांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव समोर आला तर सही करण्याआधी ते यंत्र पेन ड्राइव्हवरून लिनक्सवर चालू करून दाखवायला सांगा. आणि केंद्रचालकांनो, जिल्हा सेतू समितीकडे लेखी मागणी करा की यापुढे खरेदी होणारे अंगठ्याचे प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नये. घरगुती वापराची मुदतवाढ 13 ऑक्टोबर 2026 ला संपते, अर्ज त्याच्या बराच आधी पोहोचायला हवा.